मजुरीच्या जागी रेघ

टपावरच्या तंबूच्या जाहिरातीत माणसं फार कमी असतात. एक गाडी, एक तळं, मागे डोंगर आणि शिडीवर चहाचा मग घेऊन बसलेली एक मुलगी. कुणाकडे खोली मागायला नको, कुणाच्या वेळा सांभाळायला नकोत, मनात येईल तिथे थांबा आणि वर चढून झोपा, असा एकंदर वायदा. आमच्या मुलाने पुण्यात असताना याच वायद्याला भुलून तंबू घेतला. पुढे त्याची नोकरी परदेशात गेली आणि तंबू टेम्पोत बसून भुसावळला आमच्या ओसरीत आला. तो खाली उतरवायला गल्लीतली चार माणसं बोलवावी लागली. साठेक किलो वजन, आणि धरायला नीट कड नाही. जाहिरातीतली ती मुलगी एकटीने हे धूड गाडीवर कसं चढवत असेल, याचं कोडं मला तेव्हापासून पडलं आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेली, आमचे हे रेल्वेच्या लोको शेडमधून. दोघांनाही साठी उलटल्यावर तंबूत झोपायची हौस होती असं नाही. पण वस्तू घरात पडून राहिली की यांचे हात शिवशिवतात. त्यांनी तंबूची माहितीपुस्तिका इंजिनाचं मॅन्युअल वाचावं तशी वाचली आणि मला रोज जेवताना शिकवणी सुरू केली. गाडीच्या टपाला दोन वजनं सोसावी लागतात. एक गाडी धावतानाचं आणि एक गाडी उभी असतानाचं. धावताना खड्डे, वळणं, ब्रेक, वारा हे सगळं वजनाला झटके देतं, म्हणून कंपनी तेव्हाची मर्यादा कमी ठेवते. उभ्या गाडीवर तंबू आणि आत दोन माणसं मिळून दोनशे किलो झाले तरी बहुतेक गाड्यांचं टप ते निमूट झेलतं. हल्लीच्या कितीतरी गाड्यांच्या टपावर ज्या चकचकीत दांड्या दिसतात, त्या नुसत्या शोभेच्या असतात. त्यांना तंबू बांधणं म्हणजे बाशिंगाला गाठोडं बांधणं, असं यांचं म्हणणं.

आमची बोलेरो मात्र जुनी. तिच्या टपाच्या दोन्ही कडांना पत्र्याची पन्हळ आहे, आणि पन्हळीला कॅरियरचे पाय आवळले की वजन थेट खांबांवर उतरतं. पत्र्याला भोक पाडायचं नाही, बॉडीला काही जोडायचं नाही. गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आडवं येतं आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे, हे यांना पाठ. तंबू म्हणजे बोल्ट काढला की खाली येणारं सामान, एवढ्यावरच ते थांबले. कॅरियर एका दुकानातून तयार करून घेतलं आणि दसरा झाल्यावर आम्ही ओंकारेश्वरला निघालो.

वरणगाव, मुक्ताईनगर, इच्छापूर. इच्छादेवीचा डोंगर आला म्हणजे मध्य प्रदेश सुरू झाला, पण भाषा काही लगेच बदलत नाही. शहापूर, बऱ्हाणपूरपर्यंत केळीच्या बागा आणि मराठी दोन्ही सोबत असतात. बऱ्हाणपूर सोडलं आणि डोक्यावर खडखड सुरू झाली. आधी वाटलं शिडी हलते आहे. मग एका खड्ड्यात गाडी आदळली आणि वरून सबंध तंबू इंचभर सरकल्याचा आवाज आला. असीरगडाच्या अलीकडे निंबोला लागतं. तिथे रस्त्याच्या कडेला एक वेल्डिंगचं दुकान दिसलं. बाहेर ट्रॅक्टरची अर्धवट ट्रॉली, कूलरचे स्टँड, एक वखर. हे म्हणाले, इथेच थांबू.

मिस्त्री पन्नाशीचे असावेत. त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग टायरवर पाय देऊन वर डोकावले. "ताई, हे काय आहे? मचाण?" मी म्हटलं, तंबू आहे, उघडून वर झोपतात. ते हसले नाहीत. "मग हा पाइप गोल कशाला घेतला? गोल पाइपावर चपटी पट्टी बसली तर ती फिरनारच ना." दोन वाक्यांत निदान संपलं. तंबूच्या बुडाला लांबीने दोन खाचा असतात, त्यांत बोल्टांची डोकी सरकवायची, बोल्ट कॅरियरच्या आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंनी खाली आणायचे आणि खालून पट्टी लावून नट आवळायचे. दांडी चौकोनी असेल तर पट्टीला बैठक मिळते. आमच्या दांड्या गोल होत्या. दर खड्ड्याला पट्टी थोडी फिरत होती आणि नट थोडा सैल होत होता.

"तंबू खाली घ्या." पुन्हा चार माणसांचा प्रश्न. मिस्त्रींनी हाक मारली तसा समोरच्या टपरीवरचा चहावाला हात पुसत आला, दुकानातला पोरगा आला आणि केळीचा ट्रक उभा करून चहा पीत बसलेला ड्रायव्हर आपण होऊन उठला. चौघांनी तंबू उचलून दुकानातल्या खाटेवर ठेवला. ड्रायव्हरने तो जरा उघडून पाहिला, गादी दाबून पाहिली आणि म्हणाला की उन्हाळ्यात तो केबिनच्या टपावर सतरंजी टाकून झोपतो, त्याला हे काही नवीन नाही, फक्त त्याला मच्छर चावतात आणि आम्हाला चावणार नाहीत.

माझी कल्पना, आता ते गाडीवरच वेल्डिंग मारतील. मिस्त्रींनी कॅरियरसुद्धा खाली उतरवलं. गाडीवर ठिणगी उडाली की काच डागते, रंग जळतो, म्हणाले. मग दीड इंची पट्टी, दोन सूत जाडीची, मापून कापली. चारही जागी पाइपावर पट्टीचे तुकडे आडवे बसवून वेल्ड केले, ग्राइंडरने कडा मारल्या, वर तांबडा रंग दिला. रंग वाळेपर्यंत सायकलच्या जुन्या ट्यूबचे चौकोन कापले आणि लोखंड आणि तंबूच्या ॲल्युमिनियमच्या मध्ये ते घातले. नट नवे आणले, आत नायलॉनचं कडं असलेले. बारा-तेराच्या पान्याने स्वतः आवळले. त्या पोराला हात लावू दिला नाही.

आता झालं, असं आम्हाला वाटलं तेव्हा त्यांनी हुकूम सोडला, "झिरीपर्यंत जाऊन या. मग परत आवळू." गेलो, आलो. दोन नट खरंच किंचित फिरले. ते पुन्हा आवळून झाल्यावर त्यांनी एका काडीला पांढरा रंग लावला आणि प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर जाणारी एक सरळ रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटते, लांबून दिसतं, पाना लावून बघायची गरज नाही. हे पाहून आमचे हे एकदम खुलले. शेडमध्ये आम्हीही अशीच खूण करायचो, म्हणाले. मग दोघे जण बराच वेळ नटबोल्टांवर बोलत राहिले आणि मला त्यात काही काम उरलं नाही.

हिशोब त्यांनी बिडीच्या पाकिटाच्या मागे लिहिला. पट्टी, रॉड, नट, रंग. खाली मजुरी असं लिहून पुढे आडवी रेघ. मी विचारलं, हे काय? "मजुरी पुढच्या खेपेला. देवाला चालले ना." मी पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. काउंटरच्या या बाजूला मी आयुष्यभर लोकांच्या कर्जाचे कागद तपासले. त्यात रकाना रिकामा राहिला तर कागद परत जायचा. हा कागद मी पर्समध्ये ठेवला.

तोवर अंधार पडायला आला होता. आम्ही असीरगडाच्या पायथ्याशी तंबू लावायचं म्हणत होतो. मिस्त्रींनी ते मोडीतच काढलं. जंगल आहे, बिबट्या असतो, पोलीस उठवतील ते वेगळं. त्यांच्या मामाचं खळं गावाला लागूनच होतं, तिथे गाडी लावायची. असा शब्दही न विचारता आमचा मुक्काम ठरला.

टपावरच्या तंबूचं एक गुपित असं, की तो सगळा टपावर नसतो. उघडला की त्याची अर्धी जमीन गाडीच्या बाहेर हवेत येते आणि त्या अर्ध्या भागाचा भार शिडीवर असतो. शिडी पक्की तर तंबू पक्का. खळ्यातली माती काळी, परतीच्या पावसाने दोन दिवसांपूर्वी भिजलेली. हे वर चढले आणि शिडीचे पाय चार बोटं आत गेले. तंबू त्या अंगाला कलला. मामींनी हे ओसरीवरून पाहिलं. त्या काही न बोलता आत गेल्या आणि धुण्याचा दगड घेऊन आल्या. चांगला रुंद, झिजून गुळगुळीत झालेला. "याच्यावर ठेवा. काळ्या मातीत खाट बी बुडते, माय." दगडावर शिडी ठेवली, तंबू सरळ झाला. सकाळी मी उतरले तेव्हा त्या शेजारच्या घराच्या दगडावर धुणं धूत होत्या.

रात्री जेवायला दादरची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा. मी आमचे पराठे बाहेर काढलेच नाहीत. जेवताना मामांना तंबूची किंमत हवी होती. ती ऐकून ते गप्प झाले आणि मग म्हणाले, एवढ्यात म्हैस येते. हे मी कुणालाही सांगते, कारण इतका नेमका शेरा त्या तंबूवर अजून कुणी मारलेला नाही.

वर झोपताना एक झरोका उघडा ठेवला. दोन माणसांच्या श्वासाचं पाणी रात्रभर कापडाला आतून सुटतं, सगळं बंद केलं तर पहाटे गादीखाली ओल. त्या झरोक्यातून उत्तरेला असीरगडाचा काळा उंचवटा दिसत होता. 1600 साली अकबर बऱ्हाणपुरात येऊन बसला होता आणि 1601 च्या जानेवारीत हा किल्ला त्याच्या हाती आला. त्याच्या छावणीचं वर्णन अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केलं आहे. बादशाही तंबूंचं सामान हलवायला 100 हत्ती, 500 उंट आणि 400 गाड्या लागत, माणसं वेगळीच. तंबूचा माणूस तेव्हाही एकटा नव्हता. फरक इतकाच, की बादशहाचे हमाल पगारी होते आणि आमचे फुकट राबले होते.

त्यानंतर ओंकारेश्वर झालं, तोरणमाळ झालं, मेळघाटाच्या कडेने झालं. या प्रवासांचं फार सांगण्यासारखं नाही. कुठे कुणी शेत दिलं, कुठे शाळेचं मैदान, कुठे पंपाच्या मागची जागा. प्रत्येक ठिकाणी आधी विचारावं लागतं, पाणी मागावं लागतं, दोनदा चहा घ्यावा लागतो आणि आपण कोण, कुठले, मुलं किती हे सांगावं लागतं. लॉजमध्ये सकाळी बिल दिलं की कुणाशी काही उरत नाही. तंबूचं तसं नाही. माझ्या वहीत आता इतक्या गावांतल्या इतक्या लोकांचे फोन नंबर आहेत की दिवाळीचा फराळ दोन दिवस नुसता वाटण्यातच जातो.

निंबोल्याला मात्र आम्ही मुद्दाम जात राहिलो. जाताना भुसावळहून काही न्यायचं, येताना बऱ्हाणपूरची मावा जिलेबी घ्यायची, मध्ये मिस्त्रींच्या दुकानात थांबायचं. दर खेपेला ते आधी वर चढून पांढऱ्या रेघा बघत. दर खेपेला मी मजुरीचा विषय काढी आणि ते दुसराच विषय काढत. एकदा मला वाटलं, आता आपण फेड करू. त्यांना मोठं वेल्डिंग मशीन घ्यायचं होतं. मी म्हटलं, बँकेचं कर्ज मिळेल, अर्ज मी भरून देते, जामीन लागला तर बघू. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. "नको ताई. उधारी चालते, कर्ज नको." मी त्यांना दोन्हींतला व्याजाचा हिशोब समजावू लागले. उधारीवर माल देणारा व्यापारी किमतीतच व्याज लावतो, हे मी नोकरीत शेकडो वेळा दाखवलेलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण उधारीवाला घरी येऊन बसतो, चहा पितो. बँक पितो का?" मशीन त्यांनी दोन वर्षांनी जुनं घेतलं. माझा हिशोब चुकीचा नव्हता, त्यांचाही नव्हता.

त्यांच्या धाकट्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज तेवढा मी भरून दिला. त्याबद्दल मामींकडून अर्धं पोतं दादर आलं. म्हणजे खातं पुन्हा त्यांच्याच बाजूला झुकलं.

मिस्त्री मागच्या श्रावणात गेले. फोन मामांनी केला. आम्ही दिवसांना जाऊन आलो. दुकान आता मुलगा बघतो, त्या दिवशी नटांना हात लावू न दिलेला तोच पोरगा. शिवरात्रीच्या आधी आम्ही गेलो तेव्हा कॅरियरचा एक पाय पन्हळीपाशी गंजला होता. त्याने तंबू उतरवायला माणसं गोळा केली, कॅरियर खाली घेतलं, पाय बदलला, झिरीपर्यंत पिटाळलं आणि परत आल्यावर नट आवळून नव्या रेघा ओढल्या. मग छापील पावतीपुस्तक काढलं. पट्टी, रॉड, नट, रंग, आणि खाली मजुरी, पूर्ण आकड्यात.

मी ती लगेच दिली. पर्समधला जुना कागद मात्र त्याला दाखवला नाही. दुकान त्याच्या हाती नवीन, डोक्यावर घर, लग्न व्हायचं आहे. त्याने मजुरी घेतली हे बरोबरच केलं.