शहाजाद्याची वाट

अब्बांनी पिंपरीत तीस वर्षे लेथवर काढली. अंगठा फिरवला की त्यांना माप कळे. वर्नियर ते फक्त साहेबाच्या समाधानासाठी लावत. आम्ही दोघे भाऊही त्यांच्यामागे कारखान्यातच गेलो, एक भोसरीत आणि दुसरा चाकणला. पण आमच्या पोरवयाचा मोठा भाग गेला तो चिंचवडच्या एका सायबर कॅफेत, इराणच्या शहाजाद्याबरोबर.

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ २००३ साली आला. युबिसॉफ्ट कंपनीने तो कॅनडात, माँट्रियलला बनवला होता. मूळ शहाजादा जॉर्डन मेक्नरचा, १९८९ सालचा. आमच्यातला एक कीबोर्डवर बसे, दुसरा खांद्यावरून सूचना देई आणि तासाचे पैसे निम्मे-निम्मे. शहाजादा भिंतीवरून आडवा धावे, एका खांबावरून दुसऱ्यावर झेप घेई, फिरत्या पात्यांमधून निसटे. झेप चुकलीच, तर हातातल्या खंजिराने काही क्षण मागे फिरवता येत. सोबत हिंदुस्थानच्या महाराजाची मुलगी फराह. हे जग आम्हांला परके वाटले नाही. शहाजादा, खंजीर आणि आम्ही जिथे राबतो तो कारखाना, हे सगळे शब्द फारसीतूनच तर आपल्या मराठीत आले.

सप्टेंबर २०२० मध्ये बातमी आली. टाळेबंदीनंतर कारखाने नुकते कुठे सावरत होते. हाच खेळ आता नव्याने घडवला जाणार होता आणि घडवणारे होते युबिसॉफ्टचे पुणे व मुंबईचे स्टुडिओ. पुण्याचा २००८ पासूनचा, मुंबईचा २०१८ चा. २१ जानेवारी २०२१ ही तारीखही ठरली. घरातलेच लग्न ठरावे, तसा आम्हांला आनंद झाला.

तो अर्धा तासही टिकला नाही. झलक पाहिली तर चेहरे जुनाट, हालचाल अवघडलेली. जगभरातून नावे ठेवली जाऊ लागली. आणि आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हे : "आपल्याकडून हे व्हायचं नाही."

अब्बा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, "त्या पोरांना वेळ किती दिला होता?"

आम्हांला ठाऊक नव्हते. विचारावे असे सुचलेही नव्हते. खरे तर हा प्रश्न आम्हांला आधी सुचायला हवा होता. आमच्या पट्ट्यात ड्रॉइंग बाहेरून येते, माल बाहेरून येतो, मुदतही बाहेरचाच कुणी ठरवतो. नग पास झाला तर त्यावर दुसऱ्याचे नाव लागते. रिजेक्ट झाला, की मात्र कुणाच्या हातचा, याचा शोध सुरू होतो.

पुढे तारीख १८ मार्च २०२१ वर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला सोपवले गेले. पुणे-मुंबईच्या कामावरच पुढची उभारणी होईल, असे कंपनीने तेव्हा सांगितले. अब्बा म्हणाले, "जॉब दुसऱ्याच्या चकात गेला की पहिल्या हाताला कोण विचारतो?" तरी आम्ही वाट पाहतच राहिलो. २०२४ मध्ये सांगण्यात आले, २०२६ ला येईल. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने फेररचनेत सहा खेळ रद्द केले. त्यांत आमचा शहाजादाही गेला. ज्या जानेवारीत तो यायचा होता, तिला बरोबर पाच वर्षे झाली होती.

माँट्रियल तर त्याचे जन्मगाव. तिथल्या हातांनाही तो पुरा करता आला नाही. पण त्यावरून "कॅनडावाल्यांकडून हे व्हायचं नाही" असे आमच्यापैकी कुणी म्हटले नाही. हे लक्षात आले तेव्हा आम्हां दोघांनाही एकमेकांकडे पाहवेना.

परवा चाकणच्या शॉपवर एका नव्या पोराचा पहिलाच नग रिजेक्ट झाला. पोरगा मान खाली घालून उभा. जुने वाक्य जिभेवर आलेच होते. ते गिळून विचारले, "किती वेळ दिला होता तुला?"

त्याने मान वर केली.