तीन साक्षीदार आणि एक केटी

‘ख्रिस्ती विद्यार्थी शिक्षणाकडे कसं पाहतो?’ असा विषय संपादकांनी फोनवर सांगितला आणि लगेच पुस्ती जोडली, ‘बाई, ग्रीक व्याकरण फार नको.’ व्याकरण वगळलं तर माझ्याकडे उरतं काय, ते त्यांनाच ठाऊक. नवा करार ज्या भाषेत लिहिला गेला ती कोइने ग्रीक मी शिकवते. भूमध्य समुद्राच्या काठचे व्यापारी, शिपाई, गुलाम बोलत ती ही बाजारी ग्रीक. नव्या कराराची हस्तलिखितं एकमेकांशी ताडून मूळ पाठ कोणता असावा हे ठरवायचं, हा माझा खरा धंदा. आठवडाभर धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात, आणि शनिवारी संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये कोणीही यावं असा वर्ग. त्याला फी नाही, परीक्षा नाही, श्रेयांक तर नाहीतच. नव्या शैक्षणिक धोरणापासून मुलं कुठल्याही विषयाबद्दल पहिला प्रश्न श्रेयांकांचाच विचारतात. त्यांचा दोष नाही. आपणच त्यांना तसं शिकवलंय.

गेल्या पावसाळ्यात या वर्गातल्या एका मुलाचे वडील मला भेटायला आले. मुलगा इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. ‘सलाम, बाई,’ म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून मार्कलिस्ट काढली आणि टेबलावर माझ्या बाजूला फिरवून ठेवली. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी. ‘रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर असतो. आम्हाला वाटलं अभ्यास करतोय. बघितलं तर जुन्या चामड्याचे फोटो! बाई, याचा उपयोग काय?’ गृहस्थ आमच्या चर्चच्या मंडळीतले एल्डर, सज्जन माणूस. आवाज चढवला नाही. मी चहा मागवला.

ते ‘चामड्याचे फोटो’ होते कोडेक्स सायनायटिकसचे. चौथ्या शतकातलं हे हस्तलिखित आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येतं. दोन शब्दांत जागा सोडलेली नाही, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत, सगळी मोठी अक्षरं सलग. देव, प्रभू, येशू हे शब्द आले की दोन-तीनच अक्षरं लिहून वर आडवी रेघ. एक स्तंभ सुटायला नवशिक्याला आठवडा जातो. मुलगा त्यात योहानाच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय शोधत होता. तो का शोधत होता हे सांगायचं तर मला थोडं तांत्रिक व्हावं लागेल. संपादकांनी क्षमा करावी.

या अध्यायात आत्मा, पाणी आणि रक्त असे तीन साक्षीदार सांगितले आहेत. काही छापील बायबलांत त्यांच्या आधी आणखी तीन येतात, स्वर्गातले: पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघं एकच आहेत अशी जोडही. त्रैक्याचा इतका उघड पुरावा शास्त्रात दुसरीकडे नाही. अडचण एवढीच की ही ओळ जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. सायनायटिकसमध्ये नाही, व्हॅटिकनसमध्ये नाही. चौदाव्या शतकाआधीच्या एकाही ग्रीक प्रतीच्या मूळ मजकुरात नाही. ती दिसते ती आधी लॅटिनमध्ये, चौथ्या शतकाच्या अखेरीस. बहुधा कोणीतरी समासात लिहिलेलं स्पष्टीकरण पुढच्या लेखनिकाने मजकुरात घेतलं. इरास्मस या विद्वानाने 1516 आणि 1519 च्या आपल्या ग्रीक नव्या कराराच्या आवृत्त्यांत ती वगळली, त्यावर गदारोळ झाला, आणि 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत ती आली. तिथून ती 1611 च्या किंग जेम्समध्ये गेली. 1881 च्या सुधारित इंग्रजी नव्या करारातून निघाली. 1897 साली रोमने तर तिच्या अस्सलपणावर शंका घेण्यालाच मनाई केली होती. 1927 मध्ये ती मनाई सैल झाली.

आता माझा लाडका वाद. इरास्मसबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात. म्हणे त्याने वचन दिलं, ‘एक जरी ग्रीक प्रत दाखवलीत तर ओळ घालतो’. मग इंग्लंडात कोणीतरी घाईघाईने प्रत तयार करून आणली आणि बिचाऱ्याला शब्द पाळावा लागला. ती प्रत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, आणि ती सोळाव्या शतकातलीच आहे, हे खरं. पण वचनाचं काय? हेंक यान दे योंगे या डच अभ्यासकाने 1980 मध्ये इरास्मसचं लेखन तपासून दाखवलं की असं वचन त्याने दिल्याचा पुरावाच नाही. आपल्यावर किटाळ यायला निमित्त नको म्हणून ओळ घातली, असं इरास्मस स्वतः सांगतो. ब्रूस मेत्झगर हे आमच्या शास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट होती, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी तळटीप देऊन ती सुधारली. तरी ती मरत नाही! प्रक्षिप्त ओळ उघडी पाडणारे लोकच प्रक्षिप्त गोष्ट सांगतात, याचा मला जो संताप येतो तो घरच्यांना पाठ झाला आहे.

आमच्या मुलानेही ही गोष्ट तरुण संघाच्या सभेत एका पाहुण्या वक्त्याकडून ऐकली आणि विचारलं, ‘सर, हे इरास्मसने कुठे लिहिलंय?’ उत्तर मिळालं, ‘बेटा, तू तुझं इंजिनिअरिंग कर.’ त्या रात्रीपासून तो चामड्यावर.

लोकांना वाटतं, ख्रिस्ती शिक्षण म्हणजे कॉन्व्हेंटचं इंग्रजी. आमच्या लोकांना वाटतं, शिक्षण म्हणजे नोकरी, आणि वर थोडी भक्ती. दहावी-बारावीच्या मुलांसाठी उपासनेत खास प्रार्थना होते. निकालानंतर नव्वद टक्क्यांवरच्यांना ट्रॉफी. काठावर पास झालेल्यांना त्या रविवारी मागच्या बाकावर बसलेलं मी पाहिलंय. शब्बाथ शाळेत वचनांच्या पाठांतरालाही गुण. मग मूल देवाच्या घरात वेगळं काय शिकणार?

सिमोन व्हेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ 1942 मध्ये शालेय अभ्यासावर एक निबंध लिहून गेली. मंडळीच्या दारापर्यंत येऊन बाहेरच थांबलेली ही बाई. तिचं म्हणणं असं की भूमितीच्या उदाहरणावर तासभर प्रामाणिकपणे लक्ष लावलं आणि ते सुटलं नाही, तरी तो तास वाया जात नाही. लक्ष देण्याची शक्ती वाढते, आणि प्रार्थना म्हणजे तीच शक्ती. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. व्हेलला उदाहरण सुटलं काय, न सुटलं काय, सारखंच. मला ती ओळ खरी की खोटी हे कळायला हवं. देव सत्य आहे असं म्हणणाऱ्याने त्याच्या बाजूने खोटी साक्ष उभी करू नये, एवढं साधं आहे हे. आणि 325 साली निकेयाच्या परिषदेत त्रैक्याचा पाया घालणाऱ्यांचं या ओळीवाचून काही अडलं नव्हतं.

पंडिता रमाबाईंकडे ना पदवी होती ना गुणपत्रिका. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या उपाध्या तेवढ्या. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल एकटीच्या हिमतीवर मराठीत आणलं. छपाईचे खिळे जुळवायला आश्रमातल्या बायका. 1922 मध्ये त्या गेल्या. ग्रंथ बाहेर आला 1924 मध्ये. उपासनेत आज तो कोणी वाचत नाही. उपयोगाच्या हिशेबात हे सगळं कुठे बसवायचं?

हे सगळं मी त्या वडिलांना सांगितलं. न्यूटननेही 1690 मध्ये याच ओळीविरुद्ध लांबलचक पत्र लिहिलं, असंही सांगितलं, वाटलं इंजिनिअरच्या बापाला न्यूटन पटेल. त्यांनी विचारलं, ‘मग छापलं का नाही त्याने?’ नेमका प्रश्न! न्यूटन केंब्रिजला प्राध्यापक होता आणि मनातून त्रैक्य मानत नव्हता. बाहेर फुटलं असतं तर पद गेलं असतं. पत्र छापलं गेलं 1754 मध्ये, तो गेल्यावर सत्तावीस वर्षांनी. ‘म्हणजे नोकरी त्यालाही सांभाळावी लागली,’ गृहस्थ म्हणाले आणि मार्कलिस्ट फोल्डरमध्ये घातली. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शिवाय न्यूटनचा हेतू निखळ नव्हता, त्याला ती ओळ नकोच होती. तरी त्याचे पुरावे बरोबर होते. याचं काय करायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मुलाने एम-थ्री काढला. शनिवारी येतो, उशिरा. पास्टोरेट कमिटीसमोर आता प्रस्ताव आहे की या वर्गालाही परीक्षा ठेवावी, प्रमाणपत्र द्यावं, म्हणजे मुलं वाढतील. दिवाळीनंतरच्या सभेत मी विरोध करणार आहे. मुलं मात्र वाढतील, यात मला शंका नाही.