डोमकळी आणि सातवं पान

रात्रीचे अकरा. शोधनिबंध परीक्षकांकडून परत आलाय. विषय गुलाबी बोंडअळी. शेरा एकच मनात रुतलाय: 'तुम्हाला नेमकं काय सापडलं?' उत्तर होतं, पण सातव्या पानावर!

दुपारी हिंगण्याकडच्या एका शेतात गेले होते. तिथल्या शेतकरी काकांनी कपाशीचं एक फूल तोडून हातावर ठेवलं. पाकळ्या उमललेल्याच नाहीत, अळीने आतून धाग्यांनी गुंडाळून टाकलेल्या. डोमकळी. ते म्हणाले, "हे पाह्यलं की समजते ताई, अळी आली." चार शब्दांत निदान. माझ्या प्रस्तावनेला दोन पानं लागली होती.

कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग आले, की उपाय करायची वेळ झाली. हे वाक्य विदर्भात शेतकऱ्यांना पाठ आहे. त्यामागे कितीतरी हंगामांच्या नोंदी आहेत, पण वाक्य बांधावर उभं राहून सांगता येतं. १९७६ पासून नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. ज्या गावात एवढं काम होतं, तिथे असं लिहिता यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून निबंधातला अकरा रकान्यांचा तक्ता काढून टाकला, त्या जागी एक आलेख घातला. ज्या हंगामात आमचा अंदाज चुकला, तो मात्र ठेवला. तो लपवला तर पुढचा संशोधक त्याच खड्ड्यात पडेल.

आता सारांशाचं पहिलं वाक्य. सहाव्यांदा लिहितेय. उद्या काकांना फोनवर वाचून दाखवणार आहे.