आमच्या गावचा जटका

तंजावरहून तिरुवैयारूला यायचे म्हणजे सुमारे आठ मैलांत पाच नद्या ओलांडाव्या लागतात : वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी. गावाच्या नावातही त्या पाचांचाच उल्लेख आहे. आगगाडी मात्र आमच्या गावी कधी आली नाही. त्यामुळे माझ्या लहानपणी पौष वद्य पंचमीला त्यागराजस्वामींच्या आराधनेसाठी येणारी पाहुणेमंडळी तंजावरच्या स्टेशनावर उतरत आणि जटक्यात बसत.

जटका म्हणजे आपल्या टांग्याचा धाकटा भाऊच. दोन चाके, वर कमानीसारखे छत आणि बाकाच्या जागी गवतावर अंथरलेली चटई. मांडी घालून बसायचे. भार मागे गेला की दांड्या वर उचलल्या जाऊन पोटाचा तंग घोड्याला काचे. पुढे आला की सारे ओझे त्याच्या पाठीवर. म्हणून गाडीवान सारखा हाकारी, "मुन्ने वांग, सामी!" म्हणजे पुढे सरका. आमचे आजोबा घरात कोणाचे ऐकत नसत, पण येथे निमूटपणे सरकत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वशास्त्राच्या सचित्र पोथ्या आहेत. त्यांतले उमदे घोडे पाहिले की आमच्या गाडीवानाचे हुलग्यांवर पोसलेले तट्टू आठवून मला हसू येई. त्या म्हाताऱ्याला आम्ही मुले 'तात्ता' म्हणत असू. घरात आमची मराठी, त्याच्याशी तमिळ.

मोटार तेव्हा नवी नव्हती. घोडागाड्या बांधण्यासाठी १८४० मध्ये निघालेल्या मद्रासच्या सिम्पसन कंपनीने १९०३ मध्येच वाफेवर चालणारी मोटार तयार केली होती. पुढच्या दशकात टी. व्ही. सुंदरम् अय्यंगार यांच्या बसगाड्या दक्षिणेत धावू लागल्या. तरीही घोडा टिकून राहिला, कारण बसपर्यंत आपण जायचे असते; जटका दारात येई.

१९५६ च्या आश्विनातली ती रात्र. पाऊस कोसळत होता आणि आजी पोटातील कळांनी तळमळत होती. वडिलांनी तात्ताला उठवले. तो गाडी जुंपूनच आला, आत येऊन त्याने आजीकडे पाहिले आणि म्हणाला, "सामी, या चिखलातून मला दोन तास लागतील. तेवढा वेळ थांबू नका." मग तो स्वतःच धावत गेला आणि भाताच्या गिरणीच्या मालकाचे दार ठोठावून त्याने त्यांची मोटार आणवली. इस्पितळात पोहोचताच शस्त्रक्रिया झाली. अर्धा तास उशीर झाला असता तर आशा नव्हती, असे डॉक्टर म्हणाले. पहाटे वडील बाहेर आले तो दारात जटका उभा! आजीचे अंथरूण आणि पाण्याचा तांब्या घेऊन तात्ता रात्रभर चालत आला होता, तट्टू थकेल म्हणून स्वतः खाली उतरून.

त्यानंतर आमच्या घरी जटका हळूहळू येईनासा झाला. तसे कोणी ठरवले नव्हते. आराधनेच्या पाहुण्यांना आणायला भाड्याची मोटार जाऊ लागली, एवढेच. १९६० मध्ये तात्ताने तट्टू विकले. का, असे मी विचारले तेव्हा, हुलगे फार महागले, असे त्याने सांगितले. आमच्याविषयी तो काहीच बोलला नाही.

आजी त्यानंतर चौदा वर्षे जगली. तंजावरला जाताना ती मोटार तात्ताच्या दारावरून कधी नेऊ देत नसे. मागच्या गल्लीने वळवायला लावी.