मवाली म्हणवून घेणाऱ्याचं गाणं

जयंतीच्या तयारीची बैठक होती, आमच्या नेसरीतल्या वस्तीत. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, साऊंड सिस्टीम सगळं ठरलं आणि शेवटी कॉलेजला जाणारा एक पोरगा उठला. म्हणाला, 'मिरवणुकीआधी धा मिनिटं द्या, आम्ही रॅप करणार हाय.' एक जुने कार्यकर्ते तिथल्या तिथं बोलले, 'रॅप म्हंजे शिव्याच की रं! बाबासाहेबांच्या फोटोम्होरं शिव्या देणार व्हय?'

पोरगं खाली बसलं. आम्हीही तेव्हा गप्प राहिलो, हे कबूल केलं पाहिजे. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहितो आहोत.

मुंबईत 'स्वदेसी' नावाचा रॅपरांचा गट आहे. त्यातला एक एमसी मवाली, मराठीत रॅप करतो. आधी हे नावच बघा. वस्तीतल्या पोराला पोलीस, मास्तर, शेजारच्या सोसायटीतले लोक जो शब्द फेकून मारतात, तोच यानं उचलून स्वतःच्या माथ्यावर लावला. आंबेडकरी माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिलं तेही 'दलित पँथर', अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून घेतलेलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, त्याच काळ्या समाजाच्या गरीब वस्तीत, हिपहॉप जन्माला आलं. नातं जुनंच आहे, आपण विसरलो होतो.

स्वदेसीचं 2019 सालचं 'द वारली रिव्हॉल्ट' ऐका. विषय मुंबईतल्या आरेच्या जंगलाचा आणि तिथल्या आदिवासींचा. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरच्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तिथं झाडं तोडायला सुरुवात झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. गाण्याच्या नावामागं आणखी एक इतिहास आहे: ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी 1945 साली वेठबिगारीविरुद्ध केलेला उठाव. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

पण आम्हाला या गाण्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. मवाली आदिवासींची गोष्ट त्यांच्या वतीनं सांगून मोकळा होत नाही. आरेतल्या केलटीपाड्याचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर गाण्यात स्वतः गातात. ज्याची गोष्ट, त्याचा आवाज. आपल्या दुःखावर कथा-कादंबऱ्या, सिनेमे करून मोठे झालेल्यांची यादी काढली तर यातली मेख कळेल. तमिळ रॅपर अरिवूनं 'एंजॉय एंजामी'त चहाच्या मळ्यात राबलेल्या आपल्या आजीची, वल्लीअम्मालची, भूमिहीनतेची गोष्ट आणली. गाणं जगभर गाजलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर अरिवूच नव्हता! पा. रंजित यांनी जाहीर सवाल केला, ओरड झाली, मग त्याच्यासाठी वेगळं डिजिटल मुखपृष्ठ निघालं. गोष्ट आमची, फोटो दुसऱ्याचा.

रॅपमध्ये शिव्या असतात, हे खरं आहे. बाईला वस्तू करणारी, पैसा-गाडीची फुशारकी मारणारी गाणी ढिगानं आहेत आणि आपलीच पोरं ती ऐकतात. त्यावर टीका करूच. पण मिरवणुकीत डीजेवर जे वाजतं ते आपण कधी तपासलं? वामनदादा गावोगाव गात फिरले ते लोकांच्या कानाला रुळलेल्या चालींवर. आजच्या पोराच्या कानाला बीट रुळलाय.

आणि नेसरीला सांगण्यासारखं नाही, असं कोण म्हणतं? नेसरी म्हटलं की प्रतापराव गुजरांची खिंड, 1674, सात वीर. अभिमान आहेच. पण शाहू महाराजांनी 1918 साली संस्थानातली महारकी वतनं मोडली, त्याआधी या मुलखात आमची माणसं काय काय वाहत होती, कुणाच्या दारात उभी राहत होती, त्यावर गाणं कुठं आहे?

गेल्या रविवारी तो पोरगा पुन्हा भेटला. नाद सोडलेला नव्हता. आजीवर लिहितोय म्हणाला, आठ ओळी झाल्यात. आजी आधी सांगायलाच तयार नव्हती, 'कशाला उकरतोस ते' म्हणायची. आता तो मोबाईल चालू करून चुलीजवळ बसतो आणि ती बोलते. बैठक पुन्हा आहे. या खेपेला दहा मिनिटं आम्ही मागणार आहोत, आणि त्यातली दोन आजीसाठी.