गोधडी वारसा आहे, पण कुणाचा?

एक मेला शाळेचा निकाल लावून घरी आले आणि त्याच संध्याकाळी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोधड्या शिवायच्या, हा माझा वीसेक वर्षांचा नेम आहे. चळवळीतल्या माझ्या काही मैत्रिणींना याचं हसू येतं. एकीनं तर तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, भाषणं समतेची आणि सुट्टीत गोधड्या?" तिला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नव्हतं. या सुट्टीत जे घडलं त्यामुळे ते द्यावंसं वाटतंय. पण ते मैत्रिणीपेक्षा माझ्या थोरल्या दिरांना जास्त द्यायचंय.

यंदा तीन कामं होती. पुतणीच्या बाळासाठी दुपटं. ते दोन दुपारचं काम, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसरी गोधडी लेकीसाठी. ती पुण्यात वसतिगृहावर असते. आणि तिसरी मायच्या लुगड्यांची. माय गेल्या डिसेंबरात गेली. तिच्या मागे अकरा लुगडी-साड्या राहिल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बहिणी म्हणाल्या, भांडीवालीला देऊन टाकू, एखादं पातेलं तरी येईल. मी सगळं गाठोडं उचलून परभणीला आणलं.

गोधडी ज्यांनी शिवली नाही त्यांना ती सोपी वाटते. जुनं कापड एकावर एक ठेवलं आणि टाके घातले, संपलं. तसं नसतं. अकरातल्या फक्त चारच सुती निघाल्या. बाकी सगळ्या सिंथेटिक. हल्ली सगळ्याच घरांतून तेच निघतं. असलं कापड आत भरलं की सुईखालून घसरतं, घाम शोषत नाही, आणि दोन धुण्यांत थर एका कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून आत भरायला सुती चादरी, आमच्या ह्यांच्या लुंग्या, मुलाचे शाळेचे पांढरे शर्ट घ्यावे लागले. कापड आधी गरम पाण्यातून काढायचं, नाहीतर पुढं आटतं आणि शिवण ओढली जाते. मग गच्चीवर वाळवायचं. मेमध्ये परभणीच्या उन्हात त्याला तासभर पुष्कळ झाला. खाली फरशीवर थर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार पाटे-वरवंटे, नाहीतर तांदळाचे डबे. आधी लांब लांब कच्चे टाके. मग कडेनं धावदोरा सुरू करून फिरत फिरत मधे यायचं. मधून सुरुवात केली की कडेला कापड फुगतं. हे मला मायनं सांगितलं नव्हतं. पहिली गोधडी बिघडवून मी शिकले.

एका गोधडीला मला चौदा-पंधरा दुपारी लागतात. रोजचे चार तास धरा. म्हणजे साठ तासांच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मे महिन्यात दुपारचा स्वयंपाक आमच्या घरी हे करतात. हे आपोआप झालेलं नाही. "मी गोधडीवर बसले की उठत नाही," असं दोन वर्षं सांगितलं, दोन वर्षं सगळ्यांनी चिवडा खाल्ला, मग वरण-भात येऊ लागला. मुलगा सुया ओवून देतो. यंदा त्यानं स्वतः हात-दीड हात धावदोरा घातला. वाकडा आहे, तो मी उसवला नाही.

गल्लीतल्या चार-पाच जणी दुपारी येतात. गोधडीला चारी बाजूंनी बसता येतं आणि हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. मायक्रोफायनान्सच्या हप्त्यासाठी कुणाच्या दारात माणूस किती वेळ बसून राहिला, कुणाच्या पोराची शिष्यवृत्ती अजून जमा झाली नाही, हे मला आमच्या जयंतीच्या मीटिंगमध्ये कधी कळलं नाही. तिथं बायका मागच्या रांगेत बसतात आणि ठराव मंजूर करतात. 1942 च्या जुलैत नागपूरला दलित महिलांच्या परिषदेला हजारो बायका जमल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल, नवऱ्याबरोबर बरोबरीनं उभं राहण्याबद्दल बोलले होते, हे आपण भाषणात सांगतो. सांगून झालं की चहा बायकांनीच करायचा. असो. हा विषय वेगळा आहे, पण इतका वेगळाही नाही.

मायच्या लुगड्यांची गोधडी निम्मी झाली होती तेव्हा भाऊजी आले. माझे थोरले दीर. पंचाहत्तरी ओलांडलेले, नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात गेलेले. आमच्या घरात त्यांचा शब्द मोठा. ते दारातच थांबले. "हे कुणाचं लुगडं?" मी म्हणाले, मायचं. ते आत आलेच नाहीत. बाहेर खुर्ची मागवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, तू शिकलेली. मढ्याचं कापड घरात पसरून बसलीस?"

मला राग आला. माझी माय मढं नव्हती. मी बोललेही तसं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी लग्नाला चोवीस वर्षं होऊनही ऐकलं नव्हतं.

गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड महारवाड्यात येई. तो 'हक्क' होता. सरण वाहायचं, निरोप घेऊन गावोगाव जायचं, आणि बदल्यात हे कापड. नवं कापड अंगाला लागायचं ते फक्त असंच. भाऊजींच्या आईनं त्याच कापडाची वाकळ शिवली होती. पोरं तीच पांघरायची. "आम्हाला माहीत होतं कोणता तुकडा कुणाचा," भाऊजी म्हणाले. "हा पाटलाच्या म्हातारीचा, हा वाण्याचा. रात्री त्या तुकड्याला हात लागू नये म्हणून मी पाय पोटाशी घ्यायचो."

1956 ला नागपूरला दीक्षा झाली. गावात बातमी आली, मग गावातही दीक्षा झाली. त्यांच्या वडलांनी मेलेलं ढोर ओढणं बंद केलं, मढ्यावरचं कापड घेणं बंद केलं, आणि एका संध्याकाळी ती वाकळ दारात आणून पेटवली. सात-आठ वर्षांचे भाऊजी बघत होते. घरात दुसरं पांघरूण नव्हतं. "त्या हिवाळ्यात आम्ही पोत्यात निजलो. पण पाय लांब करून निजलो."

यावर काय बोलायचं? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत असं लिहून ठेवलंय, हे मी व्याख्यानात दहा वेळा सांगितलं असेल. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ते पुस्तक जाळलं गेलं, तेही सांगितलं. त्याच महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जात दाखवणारे दागिने टाका, असं सांगितलं, तेही. पण तो श्लोक माझ्या सासूनं धावदोऱ्यानं शिवून पोरांच्या अंगावर घातला होता, हे मला माहीत नव्हतं.

तरी मी वाद घातला. शिक्षकी सवय. मी म्हणाले, भाऊजी, भिक्खूंचं चीवरही चिंध्यांचंच होतं. उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या धुवून, शिवून, रंगवून ते अंगावर घ्यायचे. पांसुकूल म्हणतात त्याला. मगधातली शेतं, त्यांचे बांध बघून भगवंतांनी आनंदाला तसं तुकड्यातुकड्यांचं चीवर करायला सांगितलं, हे विनयपिटकात आहे. म्हणजे चिंधी जोडणं हे आपल्याकडं कमीपणाचं नाही.

ते हसले. "भिक्खूनं ते उचललं होतं, बाई. आमच्या बापाच्या अंगावर ते टाकलं होतं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. चीवराचा दाखला मी यापुढं या कामासाठी वापरणार नाही. पण मित्रांनो, प्रश्न इथं संपत नाही. कारण आपण जे जाळलं ते आता दुकानात आलंय.

गेल्या वर्षी लेकीबरोबर पुण्यात एका हस्तकला प्रदर्शनात गेले होते. तिथं गोधडी टांगलेली. किंमत साडेसहा हजार. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'आजीच्या मायेची ऊब'. मी विचारलं, कुणी शिवली? विक्री करणारी बाई गोड बोलली, "गावाकडच्या बायका करतात." नावं? नाहीत. त्यांना किती मिळतात? हसू. मी माझे साठ तास मनात धरले आणि उलटसुलट टाका बघितला. हातशिलाई खरी होती, टाका माझ्याहून बारीक. म्हणजे कुणीतरी निदान साठ तास बसलं होतं. चिठ्ठीवर आजी होती, पण ती कुणाची आजी ते नव्हतं. ज्यांच्या आजीला थंडी वाजत होती त्यांची, की जिनं जुनं लुगडं गड्याच्या बायकोला देऊन वर उपकार मानून घेतले तिची?

आणि गंमत बघा. लेकीनं पहिल्या वर्षी माझी गोधडी वसतिगृहावर नेली तेव्हा खोलीतल्या मुलीनं विचारलं होतं, "तुमच्याकडे ब्लँकेट नसतं का?" लेकीनं ती गादीखाली घातली. वर्षभरानं त्याच मुलीनं असल्याच दुकानातली गोधडी मागवली आणि फोटो टाकला, खाली 'सस्टेनेबल'. लेकीनं मला तो फोटो दाखवला आणि काही बोलली नाही. वस्तू तीच. आमच्या अंगावर ती गरिबी, त्यांच्या अंगावर ती अभिरुची.

अमेरिकेतही असंच एक गाव आहे, अलाबामा राज्यातलं, जीज बेंड. नदीच्या वळणात अडकलेलं, कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या वंशजांचं. तिथल्या काळ्या बायका नवऱ्यांच्या फाटक्या कामाच्या पँटी, पिठाच्या गोण्या जोडून गोधड्या शिवत. मतदार नोंदणीसाठी हे लोक नदीपलीकडच्या गावी जाऊ लागले, तेव्हा 1962 मध्ये त्यांची नदीवरची फेरी बंद झाली. पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडलं. गावकीनं रस्ता आणि पाणी बंद करणं आपल्याला शिकवायला नको. 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथं येऊन गेले. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली आणि मतासाठी उभं राहिल्याबद्दल ज्यांची जमीन-काम गेलं होतं त्यांना त्यातून चार पैसे मिळू लागले. 2002 मध्ये त्यांच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, चार वर्षांनी टपाल तिकिटांवर आल्या. पुढं पैशावरून आणि हक्कांवरून कोर्टकज्जेही झाले. संग्रहालयानं वाहवा केली म्हणजे हिशोब चुकता होतो असं नाही. पण एक फरक बघा. तिथल्या भिंतीवर गोधडीखाली शिवणारणीचं नाव लिहिलेलं असतं. आडनावासकट. आपल्याकडं आडनाव लिहिलं की जात कळते, म्हणून 'गावाकडच्या बायका'.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते दोन्ही बाजूंना आहे. भाऊजींच्या वडलांनी वाकळ जाळली ते बरोबरच केलं. मी असते तर आगपेटी मी दिली असती. पण त्यांनी जाळला तो हक्काच्या नावाखालचा अपमान. टाका त्यांनी जाळला नाही, तो सासूबाईंच्या बोटांत राहिला. त्याचा हिशोब मात्र आपण कधी मांडला नाही. शाहिरांचा मांडतो, मूर्तिकारांचा मांडतो. आयांच्या सुईला आपण एकतर लाजतो, नाहीतर कवितेत ऊब म्हणून वापरतो. दोन्हीत तिचे साठ तास दिसत नाहीत. आपण लाजून खाली ठेवलेलं दुसरा उचलतो, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावतो आणि आपल्यालाच विकतो.

या वर्षी मी मायच्या गोधडीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं तिचं पूर्ण नाव शिवलं. आडनावासकट, गावासकट. शेजारी माझंही. मायला लिहिता येत नव्हतं, ती अंगठा करायची. नावातला जोडाक्षराचा पाय जमेना, तीनदा उसवला. लेकीनं ते बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, माझ्या गोधडीवर पण टाक. दिसेल असं टाक." मग टाकलं.

बुद्धपौर्णिमेला भाऊजी पुन्हा आले. वंदना झाली, खीर झाली. ते गोधडीकडं बघत नव्हते, म्हणून मीही विषय काढला नाही. निघताना त्यांनी पिशवीतून एक घडी काढून माझ्यापुढं ठेवली. जाऊबाईंची पांढरी सुती साडी. त्या 2021 मध्ये कोरोनात गेल्या. दरवर्षी दीक्षाभूमीला त्या हीच नेसायच्या, काठाला हळदीचा एक जुना डाग आहे. चार वर्षं ती भाऊजींच्या ट्रंकेत होती.

"शिवणार असशील तर शिव," ते म्हणाले. "पण आत भरू नको. वर लाव."

पांढरं कापड वर लावायचं म्हणजे प्रत्येक टाका दिसणार, आणि साडी विरलेली आहे, खाली अस्तर भक्कम लागेल. मायच्या सुती लुगड्यांतलं एक मी राखून ठेवलं होतं, ते खाली घातलंय. शाळा पंधरा जूनला उघडते. दोन कडा झाल्यात, दोन बाकी आहेत.