थरथरती रेघ

म्हातारपण प्रथम हातात उतरते, हे आम्हां चित्रकारांना विचारावे! पूर्वी एका दमात जाणारी रेघ आता वाटेत दोनदा विसावा घेते. देवळाची पायरी काढावी, तर ती झिजलेलीच उमटते. अशा वेळी थोरांची आठवण धीर देते. क्लोद मोनेने १९२३ साली, ८२ वर्षांचा असताना, मोतीबिंदू काढवून घेतला आणि आपली कमळे पुन्हा रंगवायला घेतली. १९४१ च्या शस्त्रक्रियेने खचलेल्या मातीसने पुढे कात्री धरली. रंगवलेले कागद कातरून चित्रे केली. मी काही त्यांच्या पंगतीतला नव्हे. पण थरथर लपवणे मात्र मी सोडले. परवा माझे पिंपळाचे झाड पाहून नात म्हणाली, "आजोबा, याला वारा लागतोय!"

पन्नास वर्षे पाने काढली. वारा आत्ता कुठे हाती आला.